शुक्रवारची निर्जळी

“माणिकबेन, देव पडले का तुमचे?”

भिंतीपलीकडून आलेला पहिला आवाज हा. त्याआधी किती वेळ गेला होता, मला कळलं नव्हतं. तोंडात चुन्याची चव होती. डोळे उघडले तरी अंधार आणि मिटले तरी अंधार. गुडघे छातीशी घेऊन मी देवघराच्या कोपऱ्यात बसले होते. डोक्यावर हात नेला तर कपाटाचं लोखंडी दार हाताला लागलं. कपाट आडवं होऊन समोरच्या भिंतीला टेकलं होतं आणि त्याच्यावर काय काय येऊन पडलं होतं ते कळायला मार्ग नव्हता.

“इलाबेन?” मी म्हटलं.

“मोठ्याने बोला ना! आज तरी मोठ्याने बोला.”

सन दोन हजार एक, सव्वीस जानेवारीची, भूकंपाची सकाळ. अहमदाबादला मणिनगरात आमची चार मजली इमारत होती. खाली स्कूटर-मोटारी ठेवायला नुसते खांब, वर बिऱ्हाडं. पहिल्या मजल्यावर मी आणि इला पारेख पाठीला पाठ लावून राहत होतो. माझं देवघर आणि त्यांचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एका विटेची भिंत. माझी घंटा त्यांना ऐकू जायची आणि त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मला. इलाबेनच्या घरी त्या, त्यांचे यजमान भरतभाई आणि मुलगी हेतल. इलाबेन नवसारीच्या, मराठी शेजारात वाढलेल्या. त्यामुळे माझ्याशी मराठीतच बोलत, चुकतमाकत पण भरभरून.

मी बोलत नसे. हे गेल्यावर आणि मुलगा श्रीरंग नोकरीला पुण्याला गेल्यावर दिवस फार मोठा वाटायला लागला, तसा मी एकेक नेम वाढवत गेले. पहाटेची पूजा, मग माळ, पोथी, दुपारी पुन्हा माळ, तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा. सोमवार, गुरुवार, एकादशी, प्रदोष, संकष्टी. इलाबेन दार वाजवून आत डोकावायच्या, तेव्हा माझ्या हातात हटकून माळ असायची. मी दुसरा हात वर करायची, थांबा म्हणून. त्या थोडा वेळ थांबायच्या आणि जायच्या.

“देव पडले नाहीत,” मी आता मोठ्याने म्हटलं. चाचपडून पाहिलं होतं मी. “बाळकृष्ण माझ्या मांडीत आहे. तुम्हाला लागलंय का?”

“ओट्याचा दगड माझ्या पायावर आहे. एक पाय हलतो. दुसरा आहे की नाही ते समजत नाही.”

“दुखतंय?”

“आधी दुखत होता. आता नाही दुखत.”

ते ऐकून मला बरं वाटलं.

“भरतभाई कुठे आहेत?”

“नाश्त्याला गांठिया आणायला गेले. सुट्टी आहे ना! रोज सांगते, गांठिया खाऊ नका, हार्टला वाईट. आज गांठियानेच वाचवला माणसाला.” त्या हसल्या, मग खोकल्या. खोकला थांबला तेव्हा आवाज बदललेला होता. “हेतल शाळेत गेली. झेंडावंदनाला. माणिकबेन, ती शाळा तीन मजल्याची आहे.”

“झेंडावंदन मैदानात असतं, इलाबेन. छपराखाली कुणी झेंडा लावतं का?”

पलीकडून नुसतं रडणं आलं, हळू, नाक ओढत. मी भिंतीवर हात ठेवून बसले. जमीन मधूनच थरथरायची आणि वरून माती गळायची. तेवढ्यापुरतं त्यांचं रडणं थांबायचं.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “पाणी आहे तुमच्याकडे? माझ्या घशात सगळा सिमेंट गेला आहे.”

पूजेचा तांब्या माझ्या पायाशी भिंतीला टेकून उभा राहिला होता. अर्ध्याच्या वर सांडलं होतं. ताम्हन सापडलं, ताम्हनाखाली पळी सापडली.

“भिंतीला हात लावा. कुठे भोक लागतंय का बघा.”

“मिक्सरचा प्लग होता ना, तिथली वीट हलते आहे.”

त्यांनी त्या बाजूने ओढली, मी या बाजूने नखांनी माती काढली. हात जाण्याएवढी जागा झाली नाही, पण पळी जात होती. पहिली पळी वाटेतच सांडली. दुसरीच्या वेळी त्यांचे ओठ पळीला लागलेले मला हातात जाणवले. लहान मुलाला औषध देताना जाणवतात तसे.

तीन-चार पळ्या झाल्यावर त्या म्हणाल्या, “आता तुम्ही घ्या.”

“घेते.”

“नाही, मला आवाज ऐकू दे. तुम्ही जप पण मनात करता. पाणी पण मनातच प्याल.” मला त्या स्थितीतही हसू आलं. “खरं सांगते, एक पळी मी, एक पळी तुम्ही. नाहीतर मी तोंड नाही लावणार.”

मी तांब्या हलवून पाहिला. तळाशी थोडं डुचमळलं. मला तहान लागली नव्हती असं नाही. पूजा, माळ, पोथी झाल्याशिवाय मी चहासुद्धा घेत नसे, त्यामुळे आदल्या रात्रीपासून पोटात काही नव्हतं. पण त्यांचं बोलणं दर वाक्याला जड होत होतं.

“माझा आज उपास आहे, इलाबेन,” मी म्हटलं. “निर्जळी.”

उपासाच्या बाबतीत मी कधी खोटं बोलले नव्हते. लहानपणी एकादशीला चुकून शेवेचा बकाणा भरला, तर आईला सांगून दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास धरला होता. पण हे वाक्य तोंडातून असं सहज निघालं, जणू रोजचंच आहे.

“आज? शुक्रवारी?”

“हो.”

“संतोषीमातेचा असेल तर गूळ-चणे चालतात, पाणी पण चालतं. माझी वहिनी करते.”

“तो नाही. आमच्यातला वेगळा आहे.”

“तुमच्या मराठी लोकांत काय काय असतं! कुठली देवी?”

आणखी एक खोटं जिभेवर आलं. पण एखाद्या खऱ्या देवीचं नाव त्यात ओढायला धीर होईना.

“तिचं नाव घ्यायचं नसतं,” मी म्हटलं.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मला वाटलं, झोप लागली की काय.

“इलाबेन?”

“आहे, आहे. द्या मग,” त्या म्हणाल्या. “तुमच्या देवीच्या नावाने द्या.”

मी पळी भरली.

पाणी पुरवून पुरवून द्यायचं होतं आणि त्यांना जागं ठेवायचं होतं. मी काही बोलायला गेले की शब्द दोन वाक्यांत संपायचे. घरात एकटीने राहून बोलायची सवयच गेली होती. शेवटी त्यांनीच वाट काढली.

“कहाणी सांगा.”

“कसली?”

“या व्रताची. प्रत्येक व्रताला कहाणी असते. निर्जळीवाल्या देवीला नाही?”

आता सुटका नव्हती. मी सुरू केलं, “आटपाट नगर होतं. तिथे दोन शेजारणी राहत होत्या. एक होती बोलकी आणि एक अबोल.”

“बोलकी मी.”

“जुनी कहाणी आहे ही.”

“हां, हां. जुनी. मग?”

“बोलकी रोज अबोलीच्या दाराशी जायची. म्हणायची, बाई बाई, कसला वसा वसतेस तो मला सांग. अबोली काही सांगायची नाही. नुसता हात वर करायची.”

“थांब म्हणून.”

“हो.”

“का पण?”

“कहाणीत का विचारत नाहीत, इलाबेन.”

“मी विचारते. अकरा वर्षं विचारायचं होतं. सासूबाई गेल्या तेव्हा आले होते मी तुमच्याकडे, थोडं बसायला. हेतलला शाळेत प्रवेश मिळाला तेव्हा पेढे घेऊन आले. तुमचा हात वरच. का?”

वर कुठेतरी दगड सरकल्याचा आवाज झाला आणि थांबला. अंधारात माणूस दिसत नाही, म्हणूनच मला ते बोलता आलं असेल.

“अबोलीला वाटायचं,” मी म्हटलं, “माळ खाली ठेवली, दार उघडलं, बोलकीला आत बसवलं, दोन गोष्टी केल्या, तर मग ती उठून घरी जाईल तेव्हा काय करायचं? घर होतं त्याहून रिकामं वाटेल.”

“येडी होती ती अबोली,” इलाबेन म्हणाल्या.

“होती.”

“बोलकी काय लांब राहत होती? भिंत तर होती मधे. ठोकायची ना.”

मी पळी पुढे केली. त्यांनी घेतली. तांब्या आता तिरका धरावा लागत होता.

त्यानंतर वरून पहार आपटल्याचे आवाज यायला लागले. आधी लांब, मग डोक्यावर. माणसं ओरडत होती, एखादं यंत्र घरघरत होतं. मग कुणीतरी हिंदीत दरडावलं, सगळे गप्प व्हा, मशीन बंद करा. एकदम सगळं थांबलं. इतकं शांत झालं की इलाबेनच्या श्वासाची घरघर मला भिंतीतून ऐकू आली.

“कोई है? आवाज दो!”

“आहे!” मी ओरडले. म्हणजे मला वाटलं मी ओरडले.

“हाय हाय, या आवाजाने तर मांजर पण उठणार नाही,” इलाबेन म्हणाल्या. त्यांनी स्वतः ओरडून पाहिलं, पण त्यांच्या घशातून नुसती हवा आली. “वाजवा काहीतरी! ते लोक पुढे जातील!”

मी ताम्हन पालथं धरलं आणि मांडीत जे होतं त्याने त्याच्यावर ठोकायला लागले. ठण्‌, ठण्‌, ठण्‌. हात भरून आला तरी ठोकत राहिले.

“छान वाजतंय,” पलीकडून आलं. “काय आहे हातात?”

“बाळकृष्ण.”

“अरे बापरे! बिचाऱ्याचं डोकं!” आणि त्या हसल्या. दम लागेपर्यंत हसल्या. ते हसणं थांबवायला पाहिजे होतं हे मला तेव्हा कळलं नाही, मीही हसत होते आणि ठोकत होते. वरून कुणीतरी ओरडलं, “यहाँ! यहाँ है! नीचे दो जन हैं!”

माझ्या बाजूने वाट लवकर झाली. कपाटाच्या दाराशेजारून उजेडाची एक फट आली, मग ती रुंद झाली, मग त्यातून एका जवानाचा हात आला. “आइए माताजी.” ऊन उतरायला आलं होतं, म्हणजे सगळा दिवस आम्ही खाली काढला होता. मी भिंतीकडे वळले.

“इलाबेन, मला काढतायत. लगेच तुमच्याकडे येतील. उरलेलं पाणी घेऊन टाका.”

शेवटच्या दोन पळ्या त्यांनी घेतल्या.

“तुमच्या देवीला सांगा माझं,” त्या म्हणाल्या. आता त्या कुजबुजत होत्या. “पाय गेला तर जाऊ दे. हेतलला बघू दे एवढंच.”

“तुम्ही येऊन माझ्याशी बोलेपर्यंत मी पाणी घेणार नाही,” मी म्हटलं.

“ए माणिकबेन! असं नका बोलू.”

“बोलले मी.”

जवानाने मला काखेत धरून वर ओढलं.

बाहेर आमची इमारत नव्हती. रस्त्यावर खुर्च्या, गाद्या, कुणाचं तरी टीव्हीचं खोकं, आणि गल्लीतले सगळे लोक ओळीने उभे राहून घमेली एका हातातून दुसऱ्या हातात देत होते. ज्यांना मी ओळखत होते त्यांचे चेहरे राखाडी झाले होते, ओळख पटत नव्हती. कुणीतरी माझ्या ओठांना बाटली लावली. मी तोंड फिरवलं. “माजी, पाणी छे, पाणी!” ती बाई रडकुंडीला आली. मी मान हलवत राहिले.

इलाबेनना काढायला फार वेळ लागला. दगड कापावा लागला. दिवे लागायच्या सुमाराला त्यांना स्ट्रेचरवरून आणलं. चेहऱ्यावर ओला रुमाल होता. भरतभाई स्ट्रेचर धरूनच चालत होते, गांठियाची पुडी अजून त्यांच्या दुसऱ्या हातात होती. मी पुढे व्हायला गेले, पण माझ्या आणि त्यांच्यामध्ये माणसंच माणसं. मी हाक मारली. रुमालाखाली ऐकू गेलं असावं, कारण त्यांनी एक हात वर केला. मग गाडीचं दार लागलं आणि गाडी गेली. कोणत्या दवाखान्यात नेलं, कुणालाच सांगता येईना.

आम्हाला जवळच्या एका मैदानात नेलं. वर कापडी मांडव, खाली सतरंज्या. कुणाच्या घरच्या भिंती उभ्या होत्या तरी आत जायची हिंमत कुणात नव्हती. लोक आपापल्या माणसांत गोळा होऊन बसले होते, वाण्यांचे एकीकडे, पटेलांचे एकीकडे, एका कोपऱ्यात उत्तर प्रदेशातले भाडेकरू. मला कुठे बसावं कळेना. फोनच्या रांगेत उभी राहिले, पुण्याचा फोन लागला नाही. थंडी होती. एका ताईने शाल दिली आणि खिचडीचा द्रोण पुढे केला.

“माझं व्रत आहे,” मी म्हटलं.

“पाणी तरी?”

“पाणीही नाही.”

ती माझ्या पाया पडली. तिने आणखी दोघींना सांगितलं. त्याही आल्या, पाया पडल्या आणि जरा अंतरावर बसल्या. रात्रभर माझ्याभोवती तेवढी सतरंजी मोकळीच राहिली. माझी जीभ टाळूला चिकटली होती. माळ ढिगाऱ्यात गेली होती. नुसती बोटं मोजत बसावं म्हटलं तर कोणाचं नाव घ्यायचं हेच समजेना. मी जिला साकडं घातलं होतं तिला नावच नव्हतं. तिला मीच सकाळी तोंडातून काढलं होतं. पण मी पाणी प्यायले असते तर ती नव्हतीच असं झालं असतं, आणि मग इलाबेनसाठी मी कुणाकडे काय मागितलं होतं? असं काहीतरी माझ्या डोक्यात फिरत होतं. आज पुण्यात श्रीरंगच्या घरी बसून लिहिताना ते वेडेपण वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर भरतभाई आले. अंगावर कालचाच सदरा. सतरंज्यांमधून वाट काढत, प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघत आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले.

“माणिकबेन, पाणी प्यायलात?”

हेच पहिलं विचारलं त्यांनी. मी मान हलवली.

“मला वाटलंच.” त्यांनी खिशातून पाण्याच्या दोन पिशव्या काढल्या, मदतवाले वाटत होते तसल्या. “इलाचा निरोप आहे. दोनदा म्हणून घेतला माझ्याकडून. मराठीत सांगायला सांगितलंय, बरोबर नाही आलं तर माफ करा.” ते जमिनीकडे बघून शाळेतल्या मुलासारखं म्हणू लागले. “शुक्रवारी निर्जळी कोणाचीच नसते. माझ्या स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे. मला तेव्हाच माहीत होतं. पण तहान लागली होती, म्हणून मी गप्प बसले. आता मी बोलले आहे. आता तुम्ही प्या.”

“त्या बोलल्या एवढं?”

“रात्री बोलली. बरंच बोलली.”

“कशा आहेत?”

“आधी पाणी घ्या.”

“हेतल?”

“हेतल ठीक आहे. मैदानात होती. रात्रभर मम्मीजवळ बसली, हात धरून. पाणी घ्या, बेन.”

त्यांनी स्कूटरच्या किल्लीने पिशवीचा कोपरा फोडला आणि पिशवी माझ्या हातात दिली. पाणी उन्हाने कोमट झालं होतं, त्याला प्लास्टिकचा वास होता. पहिला घोट घशाखाली उतरेना, ठसका लागला. मग उतरला. मग मी थांबू शकले नाही. ती संपली तशी त्यांनी दुसरी फोडून दिली. तीही मी संपवली. इला हेतलला भेटली, इला रात्रभर बोलली, एवढंच माझ्या मनात होतं. मला वाटतं मी हसत होते. थोडं दूर बसलेल्या त्या दोघी बायका माझ्याकडे बघत होत्या.

भरतभाईंनी माझ्या हातातून दोन्ही रिकाम्या पिशव्या घेतल्या आणि त्यांच्या घड्या घालत बसले.

“पहाटे गेली,” ते म्हणाले.

मला समजलं नाही.

“पायावरचा दगड काढल्यावर सगळं विष रक्तात चढतं, असं डॉक्टर म्हणाले. काही करता येत नाही, म्हणाले. तिला कळलं होतं बहुतेक.” घडी घातलेल्या पिशव्या त्यांनी खिशात ठेवल्या. “मी आल्याबरोबर सांगणार होतो, माणिकबेन. पण तिने शपथ घातली होती. म्हणाली, माझं काही झालं तर आधी तिला पाणी पाजा, मग सांगा. आधी सांगाल तर मला अग्नी देईपर्यंत ती बाई पाण्याला शिवणार नाही. मी ओळखते तिला. अकरा वर्षांचा शेजार आहे आमचा.”